गरोदर मातेचे वजन व मोबाइलवरील संदेश : एक अभ्यास

ताळेबंद, जमाखर्च व विभागवार कार्याचा आढावा यांच्या जोडीला अहवालात दरवर्षी एखाद्या विषयाचा थोडा विस्ताराने परामर्श घेण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा गरोदरपणातील वजनवाढ व तिला मोबाइलवरील संदेशांची होऊ शकणारी मदत हा विषय सभासद व देणगीदार हितचिंतकांपुढे ठेवीत आहोत. आम्ही वैद्यक नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर असून आयुष्याचा मोठा भाग नोंदवह्या व हिशेब यांत गेला आहे. परंतु हा विषय जितका वैद्यकाचा, तितकाच नोंदींचाही आहे, असे अभ्यासांती आमचे मत झाले आहे. वैद्यकीय भागापुरता आम्ही केवळ प्रमाणभूत मार्गदर्शनाचा आधार घेतला आहे.

प्रथम आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील स्त्रियांपैकी १८.७ टक्के प्रमाणाहून कृश, तर २४ टक्के प्रमाणाहून स्थूल आढळल्या. म्हणजे एकाच प्रतीक्षागृहात, एकाच बाकावर, दोन्ही टोकांच्या भगिनी बसलेल्या असतात. त्याच सर्वेक्षणानुसार गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयग्रस्त होत्या. तेव्हा सर्वांना उद्देशून ‘भरपूर खा’ असा एकच संदेश पाठविला, तर तो निम्म्याअधिक भगिनींच्या बाबतीत अपुरा किंवा अप्रस्तुत ठरेल.

वजन किती वाढावे? शासनाच्या परिचारिकांसाठीच्या मार्गदर्शिकेत याचे सुटसुटीत उत्तर आहे : संपूर्ण गरोदरपणात ९ ते ११ किलो, व पहिले तीन महिने सरल्यानंतर दरमहा साधारण २ किलो. महिन्यात २ किलोंपेक्षा कमी वाढ झाल्यास आहार अपुरा असल्याचा संशय घ्यावा. ३ किलोंपेक्षा अधिक झाल्यास रक्तदाबाचा विकार, जुळी किंवा मधुमेह यांची शक्यता तपासावी. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ साली सुधारलेल्या तक्त्यात मातेच्या मूळच्या शरीरमानानुसार वेगवेगळी लक्ष्ये दिली आहेत. कृश मातेस १२.५ ते १८ किलो, सर्वसाधारण मातेस ११.५ ते १६, वजन अधिक असलेल्या मातेस ७ ते ११.५ व स्थूल मातेस ५ ते ९ किलो. हा तक्ता परदेशी लोकसंख्येवरून बेतलेला असल्याने तो आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. भारतीयांत शरीरवस्तुमान निर्देशांक २३ च्या वर गेला तरी जोखीम वाढू लागते, असे आपल्या तज्ज्ञांचे मत आहे. तरीही त्यामागील विचार, म्हणजे ‘प्रत्येकीचे लक्ष्य तिच्या प्रारंभिक वजनावर अवलंबून’, हा महत्त्वाचा आहे. उदाहरणार्थ, दोघी भगिनींची उंची १५० सेंटिमीटर आहे. एकीचे वजन ४० किलो, म्हणजे निर्देशांक १७.८, दुसरीचे ६० किलो, म्हणजे निर्देशांक २६.७. दोघींनाही पाचव्या महिन्यात ‘या महिन्यात दीड किलो वाढले’ असे सांगितले, तर पहिलीच्या बाबतीत ती काळजीची गोष्ट आहे, तर दुसरीच्या बाबतीत समाधानाची. आकडा एकच, अर्थ दोन.

वाढलेले हे वजन जाते कुठे, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी अनेकदा विचारतात, व तो रास्त आहे. बाळाचे सुमारे ३ किलो, वार व गर्भजल मिळून दीड किलोच्या आसपास, गर्भाशय व स्तन यांची वाढ साधारण तेवढीच, रक्त व शरीरातील द्रव यांचे अडीच-तीन किलो, व उरलेले पुढे अंगावर पाजण्यासाठी शरीराने साठविलेले मेद. हा हिशेब समजावून सांगितला की ‘सगळे वजन बाळालाच लागते’ हा गैरसमज दूर होतो. त्याच गैरसमजातून आपल्याकडे एक जुनी समजूत उपजलेली आहे : फार खाल्ले तर बाळ मोठे होईल व बाळंतपण अवघड जाईल. त्यापायी सातव्या महिन्यानंतर हात आखडता घेणाऱ्या सुना आजही आढळतात. याउलट ‘दोन जिवांचे खायचे’ म्हणून दुप्पट वाढणारी घरेही आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर स्त्रीस दिवसाकाठी जादा लागतात त्या केवळ ३५० किलोकॅलरी. साधारणपणे एक भाकरी, वाटीभर उसळ व थोडे दूध, एवढाच तो मामला.

पुण्याजवळील सहा गावांत १९९० च्या दशकात झालेल्या ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’चा येथे उल्लेख अवश्य केला पाहिजे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातून हे काम उभे केले. त्या गावांतील मातांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते, व बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगावर चरबीचे प्रमाण मात्र तुलनेने टिकून असल्याचे दिसले व पुढील आयुष्यातील मधुमेहाशी त्याचा संबंध जोडला गेला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या अभ्यासातील दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. बाळाच्या आकाराचा संबंध मातेने किती उष्मांक घेतले यापेक्षा तिने पालेभाज्या, फळे व दूध किती वेळा घेतले याच्याशी अधिक दिसून आला. अर्थात काट्यावरचा आकडा वाढणे पुरेसे नाही; तो कशाने वाढला हेही पाहावे लागते. बिस्किटे, फरसाण व गोड चहा यांनीही वजन वाढतेच.

आता संदेशांकडे वळू. गरोदर मातेस मोबाइलवरून नियमित माहिती देण्याचे प्रयोग जगात पुष्कळ झाले आहेत. अमेरिकेत २०१० साली ‘टेक्स्ट फॉर बेबी’, दक्षिण आफ्रिकेत २०१४ साली ‘मॉमकनेक्ट’. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापन केलेल्या ‘अरमान’ या संस्थेने २०१४ पासून ‘एममित्र’ ही ध्वनिसंदेशांची सेवा चालविली. गरोदरपण व बाळाचे पहिले वर्ष मिळून १४५ संदेश, तेही त्या भगिनीने स्वतः निवडलेल्या वेळी. केंद्र शासनाची ‘किलकारी’ ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक याप्रमाणे ७२ ध्वनिसंदेश विनामूल्य येतात. महाराष्ट्र व गुजरातमध्ये तिचा आरंभ फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. आपल्या रुग्णालयात नाव नोंदविणाऱ्या प्रत्येक भगिनीने आशाताई किंवा उपकेंद्राकडेही नोंद अवश्य करावी, असे आम्ही यासाठीच सुचवितो.

अशा संदेशांनी खरोखर फरक पडतो काय? याविषयी उत्साहाच्या भरात बोलणे योग्य नव्हे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील एका चाचणीत (अहवाल २०१७) वजन अधिक असलेल्या गरोदर स्त्रियांना संदेश, माहितीपट व संकेतस्थळ यांची जोड दिली. १०० स्त्रियांच्या या लहान चाचणीत संदेश मिळालेल्या गटात सरासरी वाढ ७.८ किलो, तर दुसऱ्या गटात ९.७ किलो झाली. उलटपक्षी अमेरिकेतील रोचेस्टर येथे सोळाशेहून अधिक स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत केवळ संगणक व मोबाइलद्वारे साधने पुरवून काही लक्षणीय फरक दिसला नाही. तिचा अहवाल २०१८ चा. मध्य प्रदेशात किलकारीची रीतसर चाचणी झाली तेव्हा कुटुंबनियोजनाच्या साधनांच्या वापरात माफक वाढ दिसली, परंतु केवळ स्तनपान देण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. यावरून आम्ही काढलेला निष्कर्ष असा : सर्वांना सारखा असलेला संदेश माहिती देतो, पण सवय बदलण्यास तो क्वचितच पुरतो. तिचे स्वतःचे वजन, तिची पुढील तारीख व गरज पडल्यास फोन घेणारे माणूस, या तीन गोष्टी जोडल्या गेल्या तर संदेशास वजन प्राप्त होते. (शब्दश्लेष अनवधानाने झाला, तो तसाच राहू देतो.)

येथेच लहान रुग्णालयाचे बलस्थान आहे. शासकीय सेवा लाखो मातांपर्यंत पोहोचते, पण तिचा संदेश ऐकणारीचे वजन मागच्या भेटीत किती होते, हे त्या संदेशात नसते. आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वहीत मात्र ते लिहिलेले असते. त्यामुळे सामान्य माहिती किलकारीवर सोपवून आपण वैयक्तिक संदेशापुरते पाहावे, हे अधिक शहाणपणाचे व कमी खर्चाचे होईल.

मात्र त्यासाठी वहीतील वजन खरे हवे. हे वाक्य लिहावयास सोपे आहे. प्रत्यक्षात एका भेटीत चपला घालून, दुसऱ्या भेटीत पिशवी खांद्यावर ठेवून, तिसऱ्या भेटीत दुसऱ्याच काट्यावर वजन घेतले जाण्याचा संभव कुठल्याही गर्दीच्या दवाखान्यात असतो. महिन्याला २ किलोंची वाढ पाहावयाची आणि मोजण्यात १ किलोचा फरक, असे झाल्यास सगळा हिशेबच निरर्थक. गल्ल्यातील रोकड जशी रोज जुळवतात, तसा काटाही दररोज सकाळी शून्यावर आहे की नाही व ठराविक वजन ठेवल्यास बरोबर दाखवितो की नाही हे पाहावयास हवे. प्रसूतिपूर्व तपासणीसाठी एकच काटा, एकाच जागी. हा खर्चाचा नव्हे, शिस्तीचा प्रश्न आहे.

संदेश लेखी की बोलका, हा पुढचा मुद्दा. लेखी मराठी संदेशाच्या बाबतीत एक तांत्रिक अडचण आहे व ती थेट बिलावर उमटते. इंग्रजी लिपीतील एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीतील संदेशात केवळ ७०. आणि संदेश त्याहून लांब असल्यास प्रत्येक तुकड्यास ६७. त्यातही काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षरातील हलन्त हे सर्व स्वतंत्र मोजले जाते. ‘स्त्री’ हा आपल्या डोळ्यांना एका अक्षराचा दिसणारा शब्द यंत्राच्या लेखी सहा चिन्हांचा आहे. १८० चिन्हांचा मराठी संदेश म्हणजे तीन संदेशांचे शुल्क. चौदाव्या ते चाळिसाव्या आठवड्यापर्यंत आठवड्यास एक धरल्यास एका मातेमागे २७ संदेश, पण आकारणी ८१ संदेशांची. रक्कम मोठी नाही, तथापि अंदाजपत्रक करताना ती तिप्पट धरावी लागते. शिवाय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संस्थेची, प्रेषकाच्या संक्षिप्त नावाची व संदेशाच्या मसुद्याचीही पूर्वनोंदणी करावी लागते. वजन व तारीख यांसाठी मसुद्यात मोकळी जागा ठेवता येते. मसुदा एकदा मंजूर झाला की शब्द बदलणे म्हणजे पुन्हा सर्व सोपस्कार. तेव्हा आधीच नीट लिहिलेला बरा.

नीट लिहिणे म्हणजे आमच्यासारख्यांनी न लिहिणे, हेही नमूद करावेसे वाटते. कार्यालयीन मराठी येथे कामाची नाही. ‘आपल्या वजनात अपेक्षित वृद्धी न झाल्याचे निदर्शनास आले आहे’ असा संदेश मिळाल्यावर एखादी भगिनी घाबरेल किंवा तो न वाचताच पुसून टाकील. त्याऐवजी आमच्या प्रसूती विभागातील सिस्टरांनी सुचविलेला नमुना पाहावा :

‘ताई, या महिन्यात वजन १ किलो वाढलं. अजून थोडं वाढायला हवं. रोज एक भाकरी आणि वाटीभर उसळ जास्त घ्या. बुधवारी भेटू.’

यात दोष देणे नाही, आकडा आहे, करण्याजोगी एक गोष्ट आहे व तारीख आहे. पदार्थही घरचेच : बाजरी, नाचणी, शेंगदाणे, मटकी, मेथी, चवळी, शेपू, पेरू, आवळा, अंडे, चालत असेल तिथे सुकट किंवा बोंबील. सफरचंद व सुकामेवा लिहिणे सोपे असते, विकत घेणे नव्हे. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, ही सूचनाही या मालिकेत बसते. श्रावण व नवरात्रात कडक उपासाविषयी डॉक्टरांशी बोलून ठरवावे, असा एक संदेश आम्ही मुद्दाम सुचविला आहे. ‘उपास करू नका’ असे फर्मान काढल्यास तो संदेश घरात टिकणार नाही.

ध्वनिसंदेशाचा पर्याय अधिक चांगला असला तरी फोन कोणाचा, हा प्रश्न दोन्हींकडे उरतोच. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणानुसार स्वतः वापरीत असलेला मोबाइल असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण देशात ५४ टक्के होते. उरलेल्या घरांत फोन पतीचा, दिराचा किंवा घरचा. दुपारी अकरा वाजता पाठविलेला संदेश पतीच्या खिशात शेतावर किंवा कारखान्यात जातो, व संध्याकाळपर्यंत इतर दहा संदेशांखाली दबतो. यासाठी वेळ तिला विचारूनच ठरवावी. आणखी एक गोष्ट : अनेक कुटुंबांत तीन महिने पूर्ण होईपर्यंत गरोदरपण बाहेर सांगत नाहीत. सामायिक फोनवर त्याआधी आलेला संदेश नको त्या वेळी नको त्यास कळवून बसेल. म्हणून आरंभ चौथ्या महिन्यापासून, व लेखी संमतीनंतरच. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही संमतीचाच आग्रह धरतो. सर्व मातांचा एक व्हॉट्सॲप गट करण्याची सूचना काही हितचिंतकांनी केली होती. फुकट व सोपे आहे हे खरे. पण गटात प्रत्येकीचा क्रमांक इतरांस दिसतो. आम्ही त्यास अनुकूल नाही.

पतीला किंवा सासूबाईंना संदेश जाणे हे सर्वस्वी वाईटच, असे मात्र नव्हे. घरात सर्वांचे जेवण झाल्यावर उरेल ते सुनेने खावे, ही रीत अजून अनेक ठिकाणी आहे, व तिच्यापुढे संदेश एकटीला पाठवून काय साधणार? ज्यांच्या हाती वाढण्याचा डाव आहे त्यांना वगळून वजन वाढत नाही. तेव्हा तिची संमती असल्यास आहारविषयक संदेश सासूबाईंच्या नावेही जावा, ‘आई, सूनबाईंना आता दुपारीही काही खायला हवं’ अशा आदराच्या भाषेत. तिच्या वजनाचा आकडा किंवा तपासण्यांचे निष्कर्ष मात्र त्यात असू नयेत.

सातव्या महिन्यानंतर पहिलटकरीण माहेरी जाते. ओटीभरण होते, पिशवी भरते, आणि फाईल बहुधा सासरीच राहते. ज्या काळात वजनवाढ सर्वाधिक पाहावयास हवी, नेमक्या त्याच काळात ती आमच्या नजरेआड होते. माहेरचा क्रमांक प्रथम नोंदणीच्या वेळीच घेऊन ठेवला, तर संदेश तिच्यामागे जाऊ शकतो, व माहेरच्या जवळील दवाखान्यात घेतलेले वजन ती मिस्ड कॉल देऊन आमच्या सिस्टरांना कळवू शकते. मोबाइलचा खरा उपयोग आम्हास सर्वांत अधिक जाणवतो तो येथे.

धोक्याच्या संदेशाविषयी नियम कडक असावा. महिन्यात ३ किलोंहून अधिक वाढ झाल्यास घरातील मंडळी आनंदतात, बाळ धरतेय म्हणतात. पण हातापायांवर व चेहऱ्यावर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे जोडीला असतील, तर तो आनंदाचा प्रसंग नव्हे. रक्तदाब वाढल्याची ती सूचना असू शकते व काही तासांचा विलंबही माता व बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. अशा वेळी संदेश पाठवून स्वस्थ बसावयाचे नाही. वहीत असा आकडा दिसताच सिस्टरांनी स्वतः फोन करावयाचा, व फोन लागला नाही तर आशाताईंमार्फत निरोप. यंत्राने पाठविलेला संदेश पोहोचल्याची खूण म्हणजे तो कोणी वाचल्याची खूण नव्हे.

दुसरा नियम संदेश थांबविण्याचा. गर्भपात झाला, बाळ पोटातच गेले, किंवा जन्मानंतर दगावले, तर त्या मातेच्या फोनवर पुढच्या सोमवारी ‘तुमचं बाळ आता वाढतंय’ असा संदेश जाता कामा नये. यंत्रास हे कळत नाही. वहीत नोंद झाली तरच कळते. आणि अशी घटना पुष्कळदा दुसऱ्या गावी, दुसऱ्या रुग्णालयात घडते. ठरलेल्या तारखेस न आलेल्या प्रत्येक मातेचा संदेश त्याच दिवशी स्थगित करावा, माणसाने फोन करून विचारपूस करावी, व मगच तो पुन्हा सुरू करावा, असे आम्ही व्यवस्थापन समितीपुढे मांडले आहे. यात काही मातांचे एखाददुसरे संदेश चुकतील. ते चालेल. दुःखात असलेल्या घरी चुकीचा संदेश जाणे चालणार नाही.

भाषेची एक सोयही येथे नोंदविण्यासारखी आहे. मराठीत ‘बाळ’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याच्या दृष्टीने संदेशांत मुलगा-मुलगी असा नकळत सूचक उल्लेखही येता कामा नये. मराठीने ती काळजी आपसूक घेतली आहे.

खर्चाविषयी थोडक्यात. संदेशांचे शुल्क या उपक्रमात सर्वांत लहान बाब आहे. मोठी बाब म्हणजे फोन घेणाऱ्या व करणाऱ्या सिस्टरांचा वेळ. आठवड्यातून ठराविक दोन दुपारी त्यांना अन्य कामातून मोकळे ठेवावे लागेल. ही रक्कम ‘प्रसूतिपूर्व सेवा’ या शीर्षाखाली वेगळी दाखवावी, सादिलवारमध्ये मिसळू नये, म्हणजे वर्षअखेर ती कशावर गेली हे देणगीदारांस सांगता येईल. प्रसूतिपूर्व नोंदवहीच्या पुढील छपाईत चार रकाने वाढविण्याचे ठरले आहे : फोन कोणाचा, कोणत्या वेळी करावा, माहेरचा क्रमांक, आणि संदेश थांबविल्याचा दिनांक. छपाईचे दरपत्रक मागविले असून नव्या वह्या येईपर्यंत सध्याच्या वह्यांतील शेऱ्याच्या रकान्यात ही माहिती हाताने लिहिली जाईल.